तिसरा उशीर

तेरवी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. ओपीडी आटोपत आली होती. डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई टेबलाशी आली आणि तिने बियाणे कंपनीची एक कापडी पिशवी माझ्यासमोर ठेवली. आत घड्या पडलेले केसपेपर, छातीचा एक एक्स-रे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन अख्ख्या पट्ट्या होत्या.

"साहेब, त्यायच्या ह्या गोळ्या उरल्या," ती म्हणाली. "कोनाले लागतीन त ठेवा."

तिचा नवरा माझा पेशंट होता. महिन्याभरापूर्वी त्याने जीव दिला होता. बातमी मला त्याच दिवशी कळली होती, आणि "कर्ज असेल" म्हणून मी पुढच्या कामाला लागलो होतो. त्या बाईने मला काही विचारलं नाही, दोष दिला नाही. पिशवी ठेवली आणि आशाताईच्या मागोमाग निघून गेली.

संध्याकाळी क्वार्टरवर ते कागद मी तारखेप्रमाणे लावले. अकरा आठवड्यांत तो माणूस पाच वेळा दवाखान्यात आला होता. पाचही नोंदी माझ्याच अक्षरात. पहिल्यांदा अंगदुखी. मग झोप नाही. मग भूक नाही, छातीत धडधड. चौथ्यांदा पुन्हा अंगदुखी. पाचव्या कागदावर तक्रारच लिहिलेली नव्हती, फक्त "आधीचीच औषधं चालू". कोपऱ्यात सिस्टरने दर खेपेला वजन टिपलं होतं: ६१, ६०, ५८, ५७, ५५. दर वेळी नवा केसपेपर निघत असल्यामुळे हे पाच आकडे कधी एकाखाली एक आलेच नव्हते. मी ते एकत्र पाहिले तेव्हा माणूस जाऊन महिना झाला होता.

मी सतरा वर्षं विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी आहे. इथे ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांची गावं, वयं आणि काही खुणा मी बदलल्या आहेत. माझ्यासारखे जे खेड्यात, तालुक्याला, वस्तीच्या दवाखान्यात पहिल्या पायरीवर बसतात त्यांच्यासाठी हे आहे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी, सिस्टरसाठी, आशाताईंसाठी तर आहेच.

त्याच पंधरवड्यात तालुक्याला माता मृत्यू अन्वेषणाची बैठक होती. बाळंतपणात बाई दगावली की पुढे काय होतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. २०१० च्या मार्गदर्शक सूचनांपासून देशभर ही पद्धत चालते. पथक घरी जातं, सासर-माहेरच्यांशी बोलतं, पहिली कळ आल्यापासूनची हकीकत तासातासाने लिहितं, आणि मग तीन उशिरांचा हिशेब होतो. दवाखान्यात न्यायचं ठरवायला घरच्यांनी लावलेला वेळ हा पहिला उशीर. गाडी मिळेपर्यंत आणि रस्त्यात गेलेला वेळ हा दुसरा. दवाखान्यात पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होईपर्यंत गेलेला तो तिसरा. थॅडियस आणि मेन यांनी १९९४ साली मांडलेली ही चौकट आता प्रत्येक नर्सबाईच्या तोंडी आहे.

बैठकीत दुसऱ्याच गावाच्या एका बाईच्या मृत्यूवर बोलणं चाललं होतं आणि माझ्या डोक्यात ते पाच कागद फिरत होते. या माणसाने दवाखान्यात यायचं ठरवलं होतं, तेही पाच वेळा. सहा किलोमीटर सायकल मारत तो पोहोचलाही होता, पाचही वेळा. राहिला तो तिसरा उशीर. तो अकरा आठवड्यांचा होता आणि माझ्या टेबलावरचा होता.

त्याच्या मरणाची चौकशी झालीच नव्हती असंही नाही. पोलिसांचा पंचनामा झाला होता. नावावर शेती असल्यामुळे महसूल खात्याचीही चौकशी झाली होती. आपल्याकडे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना एक लाख रुपयांची शासकीय मदत मिळते आणि त्यासाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवावं लागतं. सातबारा पाहतात, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज होतं का, ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहतात. ती मदत मिळायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही. पण त्या सगळ्या कागदांत केसपेपर कोणी मागत नाही. माणूस शेवटच्या तीन महिन्यांत कोणाच्या दारात गेला, काय सांगून गेला आणि काय घेऊन परतला हा रकानाच तिथे नाही.

शिवाय महसूल खात्याची ही चौकशी ज्यांची होते ते थोडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. त्यांत शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८. म्हणजे आपल्या राज्यात जीव देणाऱ्या पाचांतले चौघे शेतीबाहेरचे आहेत. देशभरात यात सर्वांत मोठा गट रोजंदारीवर जाणाऱ्यांचा, आणि जीव देणाऱ्या बायकांमध्ये निम्म्याहून अधिक गृहिणी. विदर्भात राहून आपल्या कानांना 'शेतकरी आत्महत्या' या एकाच शब्दाची इतकी सवय झाली आहे की बाकीची माणसं आपल्याला दिसेनाशी झाली आहेत. माझं तरी तसंच झालं होतं.

तेव्हा ठरवलं की आपल्या केंद्राच्या हद्दीत असा प्रत्येक मृत्यू झाला की माता मृत्यूसारखंच बसायचं. वरून आदेश नव्हता, फॉर्म नव्हता. आपलीच माणसं, आपलीच वही.

पहिली बैठक मी बिघडवली. शनिवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं आणि सुरुवातीलाच विचारलं, "याच्या घरी काय चाललंय हे कोणाला माहीत होतं?" कोणी बोलेना. मग आरोग्यसेवक म्हणाला, "पीत होता साहेब तो." औषधनिर्माते म्हणाले, गर्दीत कोणाकोणाकडे बघणार. त्या गावची आशाताई खाली मान घालून बसली होती. तो जायच्या पंधरा दिवस आधीच ती त्या घरी सर्वेक्षणाला जाऊन आली होती. दहा मिनिटांत सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या आणि ती रडायला लागली. पुढच्या मासिक सभेला ती आलीच नाही. पाच नोंदी माझ्या होत्या, आणि रडली ती. तिच्या घरी जाऊन हे मी तिला सांगितलं, पण तिचा विश्वास परत यायला बरेच महिने गेले.

ज्यांना हे सुरू करायचं आहे त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो: खोलीतला सगळ्यात मोठ्या हुद्द्याचा माणूस आधी बोलेल, आणि तो स्वतःचे कागद वाचेल. दुसऱ्या वेळी मी तसं केलं. पाचही केसपेपर मोठ्याने वाचले. वजनाचे आकडे फळ्यावर लिहिले. पाचव्या खेपेला मी तक्रारही लिहिली नव्हती हे सांगितलं आणि गप्प बसलो.

मग लोक बोलू लागले. औषधनिर्माते म्हणाले, आधी तो बायकोला घेऊन यायचा, शेवटच्या दोन खेपा एकटाच आला. केसपेपर काढणाऱ्या सिस्टरने सांगितलं ते मी आजही विसरलेलो नाही. "सर, नंबर आला तरी उठायचा नाही तो. 'तुम्ही व्हा पुढं' म्हणायचा मागच्याला. दोन्ही वेळा शेवटपर्यंत बसून होता." मला तो दिवस आठवला. तालुक्याला मीटिंग होती, पेनाला टोपण लावलं होतं, गाडी सुरू होती. तो बाकड्यावरून उठून आत आला, "झोप येत नाही" म्हणाला, मी आधीचीच औषधं चालू ठेवली. बाहेरची खोली रिकामी होईपर्यंत तो थांबला होता, आणि मी त्याला मिनिटभर दिलं.

तेव्हापासून आमच्याकडे शेवटच्या पेशंटची एक रीत आहे. कोणी मुद्दाम मागे थांबतंय, नंबर सोडतंय असं दिसलं की सिस्टर त्या केसपेपरवर पेन्सिलीने एक टिंब करते. ते टिंब दिसलं की मी खुर्ची टेबलाच्या बाजूला ओढून बसतो आणि गाडीला थांबायला सांगतो. आणि केसपेपरांच्या मागे वजनाची एक चिठ्ठी टाचलेली असते, सगळ्या खेपांची. पहिल्या मृत्यूतून झालेले बदल एवढेच. ते लहान वाटतील, पण त्यांना पैसा लागला नाही आणि ते टिकले.

दुसऱ्या बैठकीपासून एक प्रश्न आम्ही बंद केला: "त्याने का केलं?" या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं आणि तिथेच बैठक संपते. कर्ज होतं, दारू होती, नवरा-बायकोचं जमत नव्हतं. एवढं बोलून झालं की सगळे सुटतात. शिवाय ते उत्तर बहुतेकदा अपुरं असतं. माणूस एका कारणाने जात नाही. कर्ज, दुखणं, दारू, उदासीचा आजार, घरातलं एकटेपण आणि एखादा असह्य झालेला दिवस यांची गुंतागुंत असते आणि ती केसपेपरवरून सुटत नाही. मृत्यूनंतर नातेवाइकांशी बोलून माणसाच्या शेवटच्या काळाचा मागोवा घ्यायची शास्त्रीय पद्धत आहे. १९५८ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये एडविन श्नाइडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली, आणि चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी आपल्याकडे त्या पद्धतीने मोलाचा अभ्यास केला. पण ते प्रशिक्षित माणसांचं काम आहे. आपण आपल्या दारापुरतं पाहायचं. तो आपल्याकडे कधी कधी आला, काय म्हणाला, आपण काय विचारलं, काय विचारायचं राहिलं, आणि उद्या सकाळपासून कोणती एक गोष्ट बदलायची.

वहीत मी नाव लिहीत नाही, वही कुलपात ठेवतो. बैठकीतलं काही व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही हे दर वेळी सांगतो, कारण गाव लहान असतं.

आमच्या हद्दीतली दुसरी घटना एका चोवीस वर्षांच्या विवाहितेची. ती तीनदा आली होती. डोकं दुखतं, थकवा येतो. तिन्ही वेळा सासूबाई सोबत होत्या आणि तिन्ही वेळा दुखणं त्यांनीच सांगितलं होतं. तिचं हिमोग्लोबिन चांगलं होतं, तरी आम्ही तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. बैठकीत सिस्टर म्हणाल्या, "सर, तिचा आवाज मी ऐकलाच नाही." वही चाळली तेव्हा कळलं की आमच्याकडे येणारी बाई एकटी भेटावी अशी जागाच आमच्या दवाखान्यात नव्हती. आता रक्तदाब बाजूच्या खोलीत घेतात. दार लोटलेलं असतं आणि आत एकाच पेशंटला प्रवेश असतो, सासू असो, नवरा असो, आई असो. तक्रारी आल्या. "आम्हाला काऊन बाहेर ठेवता?" म्हणून एक जण भांडून गेला. ही रीत सगळ्यांना सारखी आहे, तुमच्यावर संशय नाही, एवढं आम्ही सांगतो आणि रीत चालू ठेवतो. त्या खोलीत पहिल्याच महिन्यात सिस्टरना जे ऐकायला मिळालं ते माझ्या टेबलावर इतक्या वर्षांत आलं नव्हतं.

तिसऱ्या घटनेने मला सगळ्यात जास्त बोच लावली, कारण तो माणूस एकदा वाचला होता. जीव द्यायचा प्रयत्न, जिल्हा रुग्णालय, आठवडाभर उपचार, सुट्टी. डिस्चार्ज कार्ड घेऊन तो आमच्याकडे आला तेव्हा मी सुईची सूज पाहिली, जखम पाहिली, "आता असं काही करू नका" म्हणालो. पुढचे दोन महिने आमच्यापैकी कोणी त्याच्या दारात गेलं नाही. टायफॉइडच्या पेशंटलाही आम्ही पुन्हा बोलावतो, क्षयरोग्याच्या तर घरी जातो. याच्याकडे कोणी गेलं नाही, कारण त्याचा आजार 'बरा' झाला होता. घरचेही विषय काढत नव्हते, आम्हालाही अवघडल्यासारखं होत होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या अभ्यासाची मला तेव्हा माहिती नव्हती, याचं वाईट वाटतं. चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधलं कॅम्पिनास, इराणमधलं कराज आणि चीनमधलं युनचेंग अशा पाच ठिकाणी प्रयत्न करून वाचलेल्या १,८६७ जणांवर तो झाला आणि २००८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी सुट्टीच्या वेळी तासभर बोलणं झालं आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा फोनने किंवा भेटून चौकशी झाली. दीड वर्षानंतर पहिल्या गटात आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, दुसऱ्यात ०.२. महागडी यंत्रं नव्हती, नवं औषध नव्हतं. कोणीतरी नऊ वेळा विचारायला जात होतं.

आता जिल्हा रुग्णालयातून सुट्टी झाल्याचं कळलं की दोन दिवसांत आम्ही घरी जातो आणि त्या अभ्यासातल्याच अंतराने पुढच्या भेटी कॅलेंडरवर लिहितो: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. एकाच माणसाने जावं हे उत्तम. आमच्याकडे बहुतेक वेळा आरोग्यसेवक जातो, चहा घेतो, पिकाचं बोलतो, झोपेचं विचारतो, आणि तो एक प्रश्न विचारतो.

त्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपण सगळे तिथेच अडखळतो. मीही वर्षानुवर्षं अडखळलो. वाटायचं, विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल. असं होत नाही. विचारल्याने धोका वाढत नाही हे वेगवेगळ्या अभ्यासांतून दिसलेलं आहे, आणि माझा अनुभव असा की विचारल्यावर बहुतेकांचे खांदे सैल पडतात. पण शब्द आपल्या माणसांचे हवेत. "तुम्हाला आत्महत्येचे विचार येतात का?" हा प्रश्न पोलीस पाटलाने विचारल्यासारखा वाटतो. आमच्याकडे पायरी पायरीने जातात. आधी, "जीव कशात लागतो का?" मग, "कधी असं वाटते का का आता जगणं नको?" आणि मग न चुकता, डोळ्यांत बघून, "जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं मनात येते का?" हा वाक्प्रचार प्रत्येक घरात ठाऊक आहे. राज्य शासनाच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंना उदासी ओळखण्याचे प्रश्न शिकवले गेले, त्यांतला नववा हाच आहे. पण छापील वाक्य वाचून दाखवलं की उत्तर 'नाही' येतं. तेच आपल्या बोलीत विचारलं की माणूस थांबतो, आणि त्या थांबण्यातच पुष्कळदा उत्तर असतं.

'हो' आलं तर काय, याची भीती त्या प्रश्नाहून मोठी असते. पहिल्यांदा 'हो' आलं तेव्हा मी लगेच "अहो, पोराबाळांकडे बघा" असं बोलून गेलो. त्या माणसाचा चेहरा मिटला. पोरांकडे तो रात्रंदिवस बघतच होता, आणि आपण त्यांच्यावर ओझं आहोत असंच त्याला वाटत होतं. तेव्हापासून मी आधी फक्त एवढंच म्हणतो, "बरं झालं सांगितलं. किती दिवसांपासून?" आणि ऐकतो. मग सरळ विचारतो: काही ठरवलं आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, आज रात्री घरी कोण आहे. ठरवलेलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. त्याच्याच परवानगीने घरचा एक माणूस बोलावायचा, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांना चिठ्ठी लिहून न थांबता समोरच फोन लावायचा, आणि गाडी ठरवूनच उठायचं. तितकं तातडीचं नसेल तेव्हाही टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासमोर लावून द्यायचा. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो. क्रमांक लिहून दिलेली चिठ्ठी खिशात राहते. आपण लावून दिलेला पहिला फोन मात्र बोलणं सुरू करतो.

घरच्यांना सांगायचं ते थोडं आणि ठाम: काही आठवडे शेतीची औषधं घरात नकोत, शेजाऱ्याच्या नाहीतर भावाच्या घरी कुलपात ठेवा. आपणही गोळ्या आठवड्याच्याच द्यायच्या. जिवावर उठलेली घडी अनेकदा काही तासांची असते, आणि तेवढ्यात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण दोन तृतीयांशाहून अधिक घटलं.

लोकांच्या मनात अजून कायद्याची धास्ती आहे, आणि आपल्यातल्या काहींच्याही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असंच धरायचं असतं आणि तिची काळजी घेणं ही शासनाची जबाबदारी असते. शिक्षेचं जुनं ३०९ कलम जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. हे घरच्यांना सांगितलं की ते खरं बोलायला लागतात.

चौथी घटना एका विशीतल्या मुलाची. त्याचा केसपेपरच नव्हता. तो आमच्याकडे कधी आलाच नव्हता. आम्ही बसलो, वही उघडली आणि "काही सापडलं नाही" एवढं लिहिलं. असं लिहायची तयारी ठेवावी लागते. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आत्महत्येने गेलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्यात प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते असं दिसलं. त्याचाच दुसरा अर्थ निम्म्याहून अधिक गेले नव्हते. मँचेस्टर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी तपासून २०१४ साली सांगितलं की वर्षात चोवीसहून जास्त वेळा येणाऱ्यांत धोका बारा पट होता, आणि वर्षभर अजिबात न येणाऱ्यांतही तो वाढलेलाच होता. म्हणजे जाडजूड फाईलवालाही बघायचा आणि फाईल नसलेलाही. त्या मुलानंतर आमचा आरोग्यसेवक गावातल्या जिममध्ये, क्रिकेटच्या मैदानावर जाऊ लागला. त्याने कोणी वाचलं का हे मी सांगू शकत नाही.

कोण जाईल आणि कोण राहील हे गुण देऊन ओळखता येत नाही. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात तर स्पष्टच म्हटलं आहे की अशा मोजपट्ट्या भाकितासाठी वापरू नका. म्हणून "ओळखायला हवं होतं" असं मी बैठकीत कोणाला म्हणू देत नाही, स्वतःलाही नाही. "विचारायला हवं होतं" एवढं म्हणतो. ते आपल्या हातात होतं.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. शिकलेलं विरतं. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये तिथल्या सगळ्या डॉक्टरांना उदासीच्या आजाराचं प्रशिक्षण दिलं गेलं, आत्महत्या घटल्या, आणि काही वर्षांत परिणाम ओसरला. प्रशिक्षण घेतलेले बरेच डॉक्टर बेट सोडून गेले होते. आमच्याकडे तर दर उन्हाळ्यात बदल्या होतात. म्हणून ती वही नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात वाचायला देतो, आणि टिंबाची रीत सिस्टरच नव्या सिस्टरला शिकवते.

घरच्यांकडे जायचं की नाही यावर आमच्यात वाद झाले. मी जातो. तेरवी झाल्यावर, गाडी दूर लावून, रजिस्टर न घेता. "का" विचारत नाही. घरात कोण जेवत नाही, कोण झोपत नाही ते बघतो, कारण अशा घरात मागे राहिलेल्यांनाही धोका असतो. पण बैठकीत जे कळलं ते त्यांना सांगायचं का? आपली चूक कबूल करायची का? सहकारी म्हणाले, नको, उगाच जखम उघडेल, तक्रार होईल. मलाही भीती वाटत होती.

वर्षभराने मी त्या पहिल्या बाईकडे गेलो. ओसरीत बसलो. तिच्या नवऱ्याचे केसपेपर परत दिले आणि सांगितलं की ते पाच वेळा आले होते, वजन सहा किलो उतरलं होतं, शेवटच्या दोन खेपा ते सगळ्यात मागे थांबले होते, आणि मी त्यांना विचारलं नाही. ती बराच वेळ कागदांकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तारखा मीच वाचून दाखवल्या. शेवटच्या दोन तारखा तिने पुन्हा विचारल्या.

"ह्या दोन दिवशी त त्यायनं मले बँकेत जातो म्हनून सांगतलं होतं," ती म्हणाली.

केंद्रावर परत आल्यावर मी कुलूप उघडून वही काढली आणि त्याच्या पानावर ती ओळ लिहिली.